टोचनचा हूक

ट्रकवाल्यांची स्वतःची अशी एक मराठी आहे आणि तिच्यातला माझा आवडता शब्द आहे ‘टोचन’. बंद पडलेली किंवा रुतलेली गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढायची, म्हणजे टोचन करायची. ‘टो चेन’ म्हणता म्हणता टोचन झाले, आणि आता तो शब्द इतका आपला झाला आहे की त्यात इंग्रजी आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

आमच्या सरावलीला या शब्दाची गरज दर पावसाळ्यात पडते. डहाणूहून पूर्वेला निघालेला रस्ता चारोटीला मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो. जुना ८ नंबर, आताचा ४८. पण माल काही महामार्गावर पिकत नाही. चिकू वाडीत असतो, गवत माळावर असते, विटा भट्टीवर असतात. तिथपर्यंत जाणारी वाट मातीची. जून उजाडला की मागची चाके धुऱ्यापर्यंत खाली जातात आणि मग हाक येते, ‘कुणाकडे चेन आहे का?’

यंदा माझ्या भाच्याने जुना सहाचाकी ट्रक घेतला. बंपरला लावायला हूक शोधत होता. त्याने मला मोबाइलवर फोटो दाखवले: लाल, सोनेरी, चकाकत्या क्रोमचे, एक तर वाघाच्या तोंडाचा. ‘मामू, यातला कोणता घेऊ? दिसायलाही हवा आणि कामालाही.’ प्रश्न दुकानातला होता, पण मला तो इतिहासातला वाटला. ओढायची वस्तू देखणी असावी ही हौस आजची नाही.

वाघाच्या तोंडावरून मला आठवली विजापूरची मलिक-ए-मैदान. ही तोफ ओतली गेली १५४९ साली, निजामशाहीच्या अहमदनगरात. ओतणारा कारागीर मुहम्मद बिन हुसेन रूमी. तोफेचे तोंड सिंहाच्या जबड्याचे आहे आणि त्या जबड्यात हत्ती चिरडला जातोय. वजन सुमारे ५५ टन, म्हणजे आजचे तीन भरलेले सहाचाकी ट्रक. ती अहमदनगरहून परांड्याच्या किल्ल्यात गेली आणि तिथून १६३२ साली मुरार जगदेवाने विजापूरला नेली. त्या कामाला १० हत्ती, ४०० बैल आणि शेकडो माणसे लागली असे सांगतात. ओतणारा मुसलमान, ओढून नेणारा हिंदू सरदार, आणि दोर-साखळ्यांना खांदा देणारी माणसे कोणत्या जातीधर्माची होती ते कुणी लिहून ठेवले नाही. मला इथे एवढेच सांगायचे आहे की रूमीने सिंह कोरला म्हणून तोफेची भिंत पातळ केली नाही. आधी धातूची जाडी, मग जबडा. बारुदीने परीक्षा घ्यायची असते तेव्हा कारागीर क्रम चुकवत नाही.

आपल्या ट्रकांवर हूक आला तो फौजेकडून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन आणि ब्रिटिश फौजांच्या गाड्या मोठ्या संख्येने या देशात आल्या. अमेरिकन जीएमसी ट्रकला पुढे, चेसिसच्या दोन टोकांना, दोन जाडजूड हूक असत आणि मागे ओढण्यासाठी लॉकवाला हूक असे. त्यांना शोभा नव्हती, फक्त फौजी हिरवा रंग होता. युद्ध संपल्यावर यातल्या कितीतरी गाड्या विक्रीला निघाल्या आणि नागरी मालवाहतुकीत आल्या. त्यानंतर देशी कारखाने उभे राहिले. वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून डॉज आणि फार्गो ट्रक निघू लागले, आणि १९५४ पासून जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज.

या गाड्या बहुतेक वेळा नुसती चेसिस म्हणून यायच्या. केबिन, फाळके, हौदा हे सगळे आपल्याकडचे सुतार, लोहार, वेल्डर आणि पेंटर बांधायचे. ट्रक देखणा झाला तो इथे. एका फाळक्यावर ७८६, शेजारी ॐ, खाली कमळ आणि मोर. या कामात आपले मुसलमान कारागीर गावोगावी होते आणि आहेत. गॅरेजच्या भिंतीवर त्यांचे नाव नसेल, पण रस्त्यावर त्यांचे हस्ताक्षर फिरते.

कुरआनात हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांचा उल्लेख लोखंडाच्या संदर्भात येतो. सूरह सबामध्ये अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचे सांगितले आहे. चिलखते बनवा आणि कड्यांचे माप नीट जुळवा, असा हुकूमही तिथेच आहे. एक पैगंबर, एक राजा, आणि त्याला सांगितले जाते की कडी मापात असू दे! हुनरीची याहून मोठी इज्जत मला माहीत नाही. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढीच असते, हे प्रत्येक लोहार जाणतो. चमक त्या मापात धरली जात नाही.

भाच्याला मी जे सांगितले ते याच हिशोबाने. पहिले, हूक घडीव घे, ओतीव नको. ओतीव लोखंड झटक्याला काचेसारखे तुटते, घडीव आधी वाकते आणि सावध करते. दुसरे, वाघाचे तोंड असो की गुलाब, तो बंपरच्या पत्र्यावर बसवायचा असेल तर ती नुसती शोभा समज. खरा हूक चेसिसला बोल्टाने बसतो, आणि बोल्टाच्या माथ्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो. घडीव हुकाला वेल्डिंगचा ताव दिला की त्याचे पाणी उतरते. तिसरे, कठीण पोलादावर क्रोम चढवताना त्यात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकते. त्यापेक्षा रंग बरा. चौथे, भाराचा आकडा बघ. २०१८ मध्ये सहाचाकी ट्रकची कायदेशीर भारमर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन झाली. जुन्या मापाच्या हुकावर नवा भार ओढू नको. आणि चिखलात रुतलेली गाडी सपाट रस्त्यावरच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त जोर मागते. चेन तुटली की ती चाबकासारखी परतते. तिच्या वाटेत उभा असतो तो बहुधा क्लीनर, पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा.

मग हौसेला जागाच नाही का? आहे, आणि ती कायद्यानेच दिली आहे. १९८९ च्या रस्ता नियमांत टोचन करताना दोन गाड्यांतले अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नसावे असे सांगितले होते. त्यातच दोर किंवा साखळी इतरांना सहज दिसेल अशी तजवीज करावी, असेही होते. म्हणजे भडक लाल-पिवळा रंग, चेनला बांधलेले रंगीत गोंडे, हे नुसते नखरे नाहीत. रात्री दोन ट्रकांमधून निघू पाहणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव त्यानेच वाचतो. शोभा इथे कामाला लागते. पण हूक बंपरच्या बाहेर शिंगासारखा काढू नये. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने गाड्यांपुढचे बुल बार बेकायदा ठरवले त्याचे एक कारण हेच होते, की धडकेत पायी चालणाऱ्याला इजा जास्त होते.

एक गोष्ट मात्र दुकानात विकत मिळत नाही. पुढचा हूक असतो आपल्याला कुणी ओढावे म्हणून, आणि मागचा असतो आपण कुणाला ओढावे म्हणून. सूरह माऊनमध्ये नमाज दाखवण्यापुरती पढणाऱ्यांना आणि ‘माऊन’ नाकारणाऱ्यांना इशारा आहे. माऊन म्हणजे काय? अब्दुल्लाह इब्न मसऊद यांच्यासारख्या सहाबींनी अर्थ दिला तो अगदी साधा: कुऱ्हाड, हंडी, बादली, म्हणजे शेजाऱ्याला वापरायला द्यायच्या वस्तू. आज ते सरावलीच्या वाटेवर असते तर त्या यादीत टोचनची चेनही आली असती असे मला वाटते.

भर पावसात पुढचा ट्रक रुतलेला आहे, त्याच्या फाळक्यावर काय लिहिले आहे ते चिखलाने झाकले गेले आहे. अलीकडे माणसे आधी ते पुसून वाचायला लागली आहेत आणि मग थांबायचे की नाही ते ठरवतात. पण चेन लावायला फक्त हूक दिसावा लागतो. भाच्याने शेवटी साधा घडीव हूक घेतला, चेसिसला बसवला आणि स्वतः हाताने लाल रंगवला. मागचा हूक त्याने पुढच्याहून एक माप जाड घेतला आहे. ते मी त्याला सांगितले नव्हते.