इम्रे पोल्याकची चार ऑलिंपिके

हंगेरीच्या मैदानी मुलखात केच्केमेत नावाचे शहर आहे. जर्दाळूंच्या बागांसाठी त्याची ख्याती. तेथे १९३२ साली जन्मलेला इम्रे पोल्याक विसाव्या वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये उतरला. त्याची कुस्ती ग्रीको-रोमन पद्धतीची. तीत कमरेखाली पकड घ्यावयाची नाही आणि डावासाठी पायही वापरावयाचा नाही. पट काढणे आणि टांग मारणे, ज्यांवर आपल्या तालमीतला मल्ल वाढतो, ते दोन्ही डाव येथे वर्ज्य! त्याच १९५२ च्या हेलसिंकीत गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळविले, ते मुक्त पद्धतीच्या कुस्तीत.

पोल्याकला ६२ किलो गटात रौप्य मिळाले. सुवर्ण मिळविणारा सोव्हिएट संघाचा याकोव पुंकिन हा जर्मनांच्या बंदीवासातून जिवंत परतलेला मल्ल होता. त्याच्या मागे राहण्यात कमीपणा नव्हता. पुढे १९५५ साली कार्ल्सरूह येथे पोल्याक जगज्जेता झाला, आणि मेलबर्नचे सुवर्ण त्याचेच, असे वाटू लागले.

परंतु १९५६ च्या ४ नोव्हेंबरला सोव्हिएट रणगाड्यांनी बुडापेस्टमधील उठाव चिरडण्यास आरंभ केला, आणि त्याच महिन्यात हंगेरीच्या खेळाडूंना मेलबर्नच्या मैदानावर उभे राहावे लागले. घरच्यांची चिंता उरी बाळगून कुस्ती खेळणे काय असते, याची कल्पनाच केलेली बरी. सुवर्ण फिनलंडच्या राउनो मॅकिनेनला गेले. पोल्याकला पुन्हा रौप्य. स्पर्धा संपल्यावर त्याचे कित्येक देशबांधव मायदेशी गेलेच नाहीत. पोल्याक परतला, आणि १९५८ साली बुडापेस्टमध्येच त्याने पुन्हा जगज्जेतेपद पटकाविले.

१९६० साली रोममध्ये तुर्कस्तानचा मुझाहिर सिल्ले पहिला आला. पोल्याक तिसऱ्यांदा दुसरा. त्या काळी पदकाचा निकाल एकाच अंतिम लढतीवर लागत नसे. प्रत्येक कुस्तीचे दोषगुण साठत जात; चीतपट विजयाला दोषगुण नसे, पण नुसत्या गुणांवरील विजयालाही तो चुकत नसे. अशा हिशेबात सुवर्ण निसटावयास मोठ्या पराभवाची गरज नव्हती.

१९६२ साली अमेरिकेतील टोलेडो येथे तिसरे जगज्जेतेपद मिळाले, तरी ऑलिंपिकचे सुवर्ण राहिलेच होते. ते अखेर १९६४ साली, बत्तिसाव्या वर्षी, टोकियोत हाती आले. या वेळी रौप्य मिळाले सोव्हिएट संघाच्या रोमन रुरुआला, पोल्याकहून दहा वर्षांनी लहान मल्लाला. त्या रौप्यानंतर चारच वर्षांनी रुरुआने मेक्सिकोत सुवर्ण मिळविले; पोल्याकला तेवढे अंतर कापावयास बारा वर्षे लागली होती.