उपनगरात घरी कोंबड्या पाळताना : जागा, लसीकरण, शेजार आणि कायदा

शहरांच्या हद्दी वाढत गेल्या, तशी अनेक गावे उपनगरे झाली. स्वतंत्र घरे, बंगले आणि छोटी अंगणे असलेल्या अशा वस्त्यांमध्ये ताज्या अंड्यांसाठी, मुलांच्या हौसेसाठी किंवा केवळ सोबतीसाठी चार-दोन कोंबड्या पाळल्या जातात. कोंबडी हा काटक पक्षी असल्याने हे काम सोपे वाटते. मात्र दाट वस्तीत तिचे आरोग्य, शेजाऱ्यांची झोप आणि साथरोगांचा धोका या तिन्ही बाबींची जबाबदारी पाळणाऱ्यावर येते. त्यामुळे पिल्ले घरी आणण्यापूर्वीच काही गोष्टींचा विचार करणे आवश्यक ठरते.

कोणती जात निवडावी?

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे आशियातील लाल रानकोंबडा. सह्याद्रीत व दक्षिण भारतात आढळणारा करडा रानकोंबडा हा त्याचा भाऊबंद. रानकोंबड्यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असून त्यांना पकडणे वा पाळणे हा गुन्हा आहे.

परसातील पालनासाठी भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संस्थेने ‘वनराजा’, ‘ग्रामप्रिया’ आणि ‘श्रीनिधी’ हे वाण विकसित केले आहेत. ‘वनराजा’ अंडी व मांस अशा दोन्हींसाठी असून परसात सुमारे ११० अंडी देते; ‘ग्रामप्रिया’ अंड्यांसाठी अधिक उपयुक्त असून तिच्याकडून १६० ते १८० अंड्यांची अपेक्षा ठेवता येते. मध्य प्रदेशातील झाबुआच्या ‘कडकनाथ’ला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची अंडी कमी, पण काळ्या मांसामुळे मागणी मोठी आहे. ‘असील’ ही झुंजार वृत्तीची जात असल्याने लहान जागेत तिचे इतरांशी पटत नाही. झुंजीसाठी कोंबडे वापरणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली गुन्हा आहे.

केंद्र सरकारच्या कुक्कुट विकास संघटनेची केंद्रे मुंबईतील आरे वसाहत, बंगळुरूजवळील हेसरघट्टा, भुवनेश्वर आणि चंडीगड येथे आहेत. रस्त्यावर विकली जाणारी रंगवलेली पिल्ले मात्र टाळावीत. ती बहुधा अंड्यांच्या व्यवसायाला नको असलेली नर पिल्ले असतात आणि त्यांना लसीही दिलेल्या नसतात.

अंड्यांचा हिशेब

अंडी देण्यासाठी कोंबड्याची गरज नसते. तो नसला तरी तलंगा पाच-सहा महिन्यांच्या झाल्या की अंडी घालू लागतात. ही अंडी अफलित असतात, एवढेच. फलित अंड्यातून पिल्लू बाहेर येण्यास २१ दिवस लागतात. देशी कोंबडी वारंवार खुडूक होते आणि त्या काळात तिची अंडी थांबतात. हिवाळ्यात दिवस लहान झाल्यावरही उत्पादन घटते.

चार ‘ग्रामप्रिया’ कोंबड्यांपासून पहिल्या वर्षात आठवड्याला सरासरी १२ अंडी मिळू शकतात. प्रौढ कोंबडी दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. म्हणजे चौघींना महिन्याला सुमारे १४ किलो खाद्य लागते. केवळ विकतच्या खाद्यावर विसंबल्यास एका अंड्यामागे २६० ग्रॅमच्या आसपास खाद्य खर्ची पडते. वर्षाला ३०० अंडी देणाऱ्या व्यावसायिक कोंबडीच्या तुलनेत हे प्रमाण जवळपास दुप्पट आहे. त्यामुळे घरचे अंडे स्वस्त पडेल, ही अपेक्षा ठेवून पालन सुरू करू नये. भाज्यांचे देठ, पालेभाजी, शिळा भात आणि अंगणातील किडे यांमुळे खर्च काहीसा कमी होतो. कवच टणक राहण्यासाठी शिंपल्यांचा चुरा द्यावा. बुरशी आलेले धान्य वा शेंगदाणा पेंड, खारट पदार्थ, हिरवे पडलेले बटाटे आणि कच्चा राजमा मात्र देऊ नये.

खुराडे कसे असावे?

कोंबडी कळपात राहणारी असल्याने किमान तीन तरी एकत्र असाव्यात. खुराड्यात प्रत्येकीस सुमारे चार चौरस फूट आणि बाहेर फिरण्यासाठी आठ ते दहा चौरस फूट जागा असावी. अपुऱ्या जागेत त्या एकमेकींची पिसे उपटतात. रात्री बसण्यासाठी आडवी काठी आणि चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालण्याची एक पेटी पुरते. मांजर, मुंगूस, घूस आणि साप यांच्यापासून बचावासाठी बारीक छिद्रांची मजबूत जाळी लावावी व तळाशी ती जमिनीत पुरावी. घारीसाठी वरूनही जाळी हवी.

जमिनीवर भाताच्या तुसाचा किंवा लाकडाच्या भुशाचा दोन-तीन इंचांचा थर द्यावा. तो कोरडा राहिला तर दुर्गंधी येत नाही. ओला झाला की अमोनिया तयार होतो, माश्या वाढतात आणि तक्रारींना सुरुवात होते. म्हणूनच पावसाळ्यात छप्पर गळू न देणे महत्त्वाचे. ताजी विष्ठा झाडांना थेट घालू नये. कुजवल्यानंतर तिचे उत्तम खत होते. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. त्यामुळे उत्तर भारत, विदर्भ वा मराठवाड्यातील उन्हाळ्यात सावली, वारा आणि थंड पाणी नसेल तर उष्माघाताने ती काही तासांत दगावू शकते.

लसीकरणाची अडचण

कोंबड्यांच्या रोगांत सर्वांत घातक ठरणारा विषाणूजन्य रोग ‘राणीखेत’ अर्थात मानमोडी हा आहे. आजच्या उत्तराखंडमधील राणीखेत येथे १९२० च्या दशकात आढळल्याने त्याला हे नाव मिळाले. त्यावर उपचार नाही; प्रतिबंध हाच उपाय आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना ‘लासोटा’ लसीचा थेंब डोळ्यात वा नाकात दिला जातो. पुढे त्याची पुनर्मात्रा, गंबोरो व देवीची लस आणि साधारण आठव्या ते दहाव्या आठवड्यात ‘आर-टू-बी’ ही राणीखेतचीच लस देतात.

मात्र या लसींच्या कुप्या साधारणतः १०० वा त्याहून अधिक मात्रांच्या असतात आणि द्रावण तयार केल्यावर ते काही तासांतच वापरावे लागते. चार कोंबड्यांच्या मालकाला हे परवडत नाही आणि परिणामी अनेक घरगुती पक्षी लसीविना राहतात. यावर दोन मार्ग आहेत : परिसरातील पाळणाऱ्यांनी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात एकाच दिवशी लसीकरण करून घेणे, किंवा एक दिवसाच्या पिल्लांऐवजी लसीकरण पूर्ण झालेल्या तलंगा विकत घेणे.

शेजार आणि कायदा

‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही’ अशी म्हण आहे. झाकला तरी कोंबडा आरवायचा थांबत नाही, हा उपनगरातील अनुभव. केरळमधील पथनमथिट्टा जिल्ह्यात एका रहिवाशाने पहाटे तीनपासून आरवणाऱ्या शेजाऱ्याच्या कोंबड्यामुळे झोपमोड होत असल्याची तक्रार केली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये अडूरच्या महसूल विभागीय अधिकाऱ्यांनी पाहणीनंतर वरच्या मजल्यावरील खुराडे १४ दिवसांत आवाराच्या दुसऱ्या बाजूस हलवण्याचा आदेश दिला. कोंबडा न ठेवता केवळ कोंबड्या पाळणे, हा तंटा टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

घरी मोजक्या कोंबड्या पाळण्याबाबत देशभर लागू असलेला एकच नियम नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची कुक्कुटपालनविषयक मार्गदर्शक तत्त्वे मोठ्या व्यावसायिक फार्मसाठी आहेत. महापालिका, नगरपालिका व ग्रामपंचायतींचे नियम निरनिराळे असल्याने स्थानिक कार्यालयात चौकशी करणे हिताचे. सार्वजनिक उपद्रव झाल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ अन्वये दंडाधिकारी तो दूर करण्याचा आदेश देऊ शकतात. गृहनिर्माण संस्थेतील गच्ची ही सामायिक जागा असल्याने तेथे संस्थेच्या परवानगीविना खुराडे ठेवता येत नाही.

बर्ड फ्लू : सर्वांत कठीण प्रसंग

भारतात कोंबड्यांमधील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे नोंदवला गेला. माणसांमध्ये हा विषाणू क्वचितच पसरतो. तथापि जुलै २०२१ मध्ये हरियाणातील ११ वर्षांच्या मुलाचा दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत मृत्यू झाला. एच५एन१ मुळे देशात झालेला हा पहिला नोंदलेला मानवी मृत्यू होता.

संशयित नमुन्यांवर भोपाळ येथील राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत शिक्कामोर्तब होते. केंद्राच्या २०२१ च्या कृती आराखड्यानुसार उद्रेकाच्या ठिकाणापासून एक किलोमीटरच्या परिघातील पाळीव पक्षी नष्ट केले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत देखरेख ठेवली जाते. निरोगी दिसणाऱ्या, नाव ठेवून वाढवलेल्या घरच्या कोंबड्याही यातून सुटत नाहीत. नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी केंद्र व राज्य यांच्याकडून भरपाई मिळते. मुलांना पक्ष्यांचा लळा लावताना ही शक्यता पालकांनी ध्यानात घ्यायला हवी.

अचानक एकापाठोपाठ एक पक्षी दगावणे, तुरा निळसर पडणे, डोके सुजणे किंवा अंडी एकाएकी थांबणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी मृत पक्ष्याला उघड्या हातांनी स्पर्श करू नये, तो नाल्यात वा कचऱ्यात टाकू नये. तत्काळ पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. एरवीही कोंबड्या हाताळल्यावर साबणाने हात धुणे, अंडी पूर्ण शिजवून खाणे, खुराड्यासाठी वेगळी चप्पल वापरणे आणि कावळे, कबुतरे खाद्यापर्यंत पोहोचू न देणे ही काळजी पुरेशी उपयोगी ठरते.

अंडी थांबल्यानंतर

कोंबडी पाच ते आठ वर्षे जगते, मात्र दुसऱ्या वर्षानंतर तिची अंडी कमी होत जातात. म्हणजेच आयुष्याचा बराचसा काळ ती मोजकीच अंडी देते, पण खाद्य तेवढेच खाते. तिला अखेरपर्यंत सांभाळायचे, कोणाला द्यायचे की स्वयंपाकघरात न्यायचे, हा निर्णय घरातील सर्वांनी पिल्ले आणण्याआधीच घेतलेला बरा. हाच प्रश्न नर पिल्लांबाबतही उद्भवतो, कारण लिंगनिदान न केलेल्या पिल्लांत साधारण निम्मे नर निघतात.