ख्रिस्ताचे देवत्व

येशू ख्रिस्त हा स्वतः देव आहे, की देवाने निर्माण केलेला आणि देवाहून वेगळा असा श्रेष्ठ जीव आहे, यासंबंधीचा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील सिद्धांत व त्यावरील वाद. रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रॉटेस्टंट पंथ त्रैक्य मानतात : देव एकच, पण पिता, पुत्र व पवित्र आत्मा या तीन व्यक्तींत तो आहे, आणि येशू हा त्यांतील पुत्र असून पूर्ण देव व पूर्ण मनुष्य आहे. एरियसवादी, युनिटेरियन व यहोवाचे साक्षीदार यांना हे मान्य नाही. मराठी ख्रिस्ती समाजात या सिद्धांताची कसून झडती घेतली ती पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी.

शास्त्राधार : दोन्ही पक्ष बायबलचाच आधार घेतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या प्रारंभी ‘शब्द’ आरंभापासून देवाजवळ होता व तो देवच होता, असे म्हटले आहे. त्याच ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात थोमा पुनरुत्थित येशूला प्रभू व देव म्हणून संबोधतो. उलट त्याच शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशू पित्याला आपल्याहून थोर म्हणतो, आणि मार्काच्या तेराव्या अध्यायात शेवटचा दिवस पुत्रालाही ठाऊक नसल्याचे सांगतो. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताला सर्व उत्पत्तीत ज्येष्ठ म्हटले आहे. ज्येष्ठ म्हणजे निर्मितीतला पहिला, की सर्व निर्मितीचा अधिपती, यावर मतभेद आहे.

निकायाची परिषद : अलेक्झांड्रियातील धर्मगुरू एरियस याने इ. स. ३१८च्या सुमारास पुत्र अनादी नाही, पित्याने त्याला शून्यातून निर्माण केले, असे प्रतिपादन केले. त्याला अनेक बिशपांचा पाठिंबा मिळाला. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ साली निकाया (आजचे तुर्कस्तानातील इझनिक) येथे परिषद बोलावली. पुत्र हा ‘निर्माण केलेला’ नव्हे, पित्यापासून ‘जन्मलेला’ आहे आणि पित्याशी एकतत्त्व आहे, असा निर्णय तेथे झाला. वाद मात्र मिटला नाही. पुढचे सम्राट कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला झुकले. निकायामताचा कट्टर कैवारी अथानासियस याला पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. ३८१च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने निकायामत कायम केले आणि ४५१च्या कॅल्सिडन परिषदेने ख्रिस्ताच्या एकाच व्यक्तीत दैवी व मानवी असे दोन स्वभाव असल्याचे ठरवले.

मराठी परंपरा : गोव्यातील इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण (१६१६) त्र्येक देवाच्या श्रद्धेवरच उभे आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनरी व शास्त्री यांच्या वादांत देहधारणेचा प्रश्न वारंवार निघे. हिंदू वाचकाला अवतार परिचयाचा होता. पण ख्रिस्ती मताप्रमाणे देहधारणा एकदाच झाली व पुन्हा होणार नाही. काशीत वाढलेले चित्पावन पंडित नीळकंठ (नेहेम्या) गोऱ्हे यांनी १८४८ साली बाप्तिस्मा घेतल्यावर षड्दर्शनांच्या खंडनाबरोबर ख्रिस्ती सिद्धांतांचे तर्कशुद्ध समर्थनही केले. चर्चच्या परंपरेचा निर्णय त्यांना प्रमाण होता. रमाबाई इंग्लंडमध्ये असताना गोऱ्ह्यांच्या लेखनाचा त्यांच्या मनावर मोठा परिणाम झाला.

रमाबाईंचा वाद : २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनम येथील महिला महाविद्यालयात शिकत व संस्कृत शिकवीत असताना, १८८५ मध्ये, वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डाइन व महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. ख्रिस्त हा तारक व देवाचा पुत्र हे त्यांना मान्य होते. तो स्वतः परमेश्वर आहे, ही मांडणी तेव्हा पटत नव्हती. अथानासियसच्या नावाने ओळखला जाणारा मतांगीकार (श्रद्धेचे अधिकृत विधान) हे वादाचे मुख्य ठिकाण. अँग्लिकन प्रार्थनाग्रंथानुसार तो ठरावीक सणांना म्हटला जाई, आणि त्रैक्य न मानणाऱ्याचा नाश होईल असे त्यात बजावले आहे. बाप्तिस्म्याच्या विधीत मात्र प्रेषितांचा मतांगीकार असतो, आणि त्रैक्याचे असे तपशीलवार विवरण त्यात नाही. बायबलमध्ये जे स्पष्ट सांगितलेले नाही ते चर्च सांगते म्हणून मानणार नाही, ही रमाबाईंची भूमिका होती. भारतातील पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यावर तसेच दुसरे मानेवर घेण्याची आपली तयारी नाही, असे त्यांनी लिहिले. मुलगी मनोरमा हिच्या धार्मिक शिक्षणावरूनही खटके उडाले. त्यामुळे या वादाला दोन पदर होते : ख्रिस्त कोण, आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा. हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला. तो १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला.

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. त्यांच्या कार्याला मदत करण्यासाठी बॉस्टनमध्ये १८८७ साली स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन धर्मगुरू होते. भारतात परतल्यावर १८९०–९१च्या सुमारास रमाबाईंची श्रद्धा बदलली; ख्रिस्तावर तारक म्हणून पूर्ण भिस्त ठेवल्याचे त्यांनी १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात सांगितले आहे. आपण स्थापन केलेले केडगावचे मुक्ती मिशन मात्र त्यांनी कोणत्याही एका चर्चच्या ताब्यात दिले नाही. ख्रिस्त कोण, हा पहिला प्रश्न त्यांनी अखेर परंपरेच्या बाजूने सोडवला. ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, या दुसऱ्याचे उत्तर १८८५ मध्ये होते तेच राहिले.

देवत्व न मानणारे : प्रार्थना समाजाने येशूला थोर धर्मगुरू मानले, देव नव्हे. समाजाचे प्रचारक विठ्ठल रामजी शिंदे हे युनिटेरियन शिष्यवृत्तीवर १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले. यहोवाच्या साक्षीदारांच्या मते येशू ही देवाची पहिली निर्मिती असून इतर सारे त्याच्याद्वारे निर्माण झाले. मीखाएल हा प्रमुख देवदूत म्हणजे येशूच, असे ते मानतात. हे मत एरियसच्या मताच्या जवळ जाते. त्यांचे भारतातील शाखा कार्यालय १९२६ साली मुंबईत सुरू झाले, नंतर लोणावळ्याला आणि पुढे बेंगळुरूला गेले.

परिणाम : ख्रिस्ती कोणाला म्हणावे हे बहुतेक चर्च याच सिद्धांतावरून ठरवतात. जागतिक चर्च परिषदेच्या सदस्यत्वासाठी येशूला देव व तारक मानणे ही अट आहे. १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियानेही प्रेषितांचा व निकायाचा मतांगीकार स्वीकारला आहे. यहोवाच्या साक्षीदारांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च ग्राह्य मानत नाही. त्या पंथातून येणाऱ्याला नव्याने बाप्तिस्मा घ्यावा लागतो.