बेने इस्रायलांचें देशांतर

जन्मभूमि सोडावी आणि दूर देशीं कायमची वस्ती करावी, ही इच्छा माणसाच्या मनांत कां उत्पन्न होते? इतिहासाला हा प्रश्न विचारला तर तो बहुधा तीन उत्तरें देतो: दुष्काळ, जुलूम आणि द्रव्याची आशा. आयर्लंडांत १८४५ सालीं बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढील कांहीं वर्षांत लाखों लोकांनीं अमेरिकेचा रस्ता धरला. स्पेनमध्यें १४९२ सालीं राजाज्ञा झाली आणि तेथील यहुद्यांना पिढ्यानुपिढ्यांचीं घरें टाकून निघावें लागलें. कॅलिफोर्नियांत सोनें सांपडल्याची वार्ता पसरली आणि १८४९ सालीं देशोदेशींचीं माणसें तिकडे धांवलीं. परंतु दुष्काळ नसतां, छळ झालेला नसतां आणि पुढें सोन्याच्या खाणीहि दिसत नसतां, एखाद्या समाजाचा बहुतेक भाग आपला देश सोडून जातो, असेंहि घडतें. त्याचें उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. तें कोंकणच्या किनाऱ्यावरच घडलेलें आहे.

बेने इस्रायल म्हणजे इस्रायलचे पुत्र. या समाजाची परंपरागत हकीकत अशी कीं, सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्याशीं फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया एवढींच माणसें वांचलीं. समुद्रानें बाहेर टाकलेलीं इतरांचीं प्रेतें त्यांनीं तेथेंच पुरलीं आणि त्याच भूमींत वस्ती केली. या कथेला समकालीन लेखाचा आधार नाहीं. तथापि नवगांवची ती दफनभूमि समाज आजहि पवित्र मानतो. मागाहून हे लोक पूर्वींच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांत गांवोगांवीं पसरले आणि तेलाचे घाणे चालवूं लागले. शनिवारीं त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजारी त्यांना 'शनिवार तेली' म्हणूं लागले. गांवांवरून त्यांचीं आडनांवें पडलीं: पेणकर, रोहेकर, नागांवकर, दिवेकर, केहीमकर. भाषा मराठी, स्त्रियांच्या अंगावर लुगडें, गळ्यांत मंगळसूत्र. हिब्रू भाषा विस्मृतींत गेली. पण शनिवारची विश्रांति, आठव्या दिवशींची सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि 'शेमा' ही एकेश्वराची प्रार्थना, एवढीं चिन्हें मात्र टिकलीं.

अठराव्या शतकांत इंग्रजांची मुंबई वाढूं लागली तशी कोंकणांतील इतर लोकांप्रमाणें हीं कुटुंबेंहि तिकडे गेलीं. पुष्कळ जण पलटणींत शिरले. सामाजी हसाजी दिवेकर हा असाच एक लष्करी अंमलदार. टिपूशीं झालेल्या युद्धांत तो कैद झाला होता. सुटका होऊन परत आल्यावर त्यानें १७९६ सालीं मुंबईंत समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. शेजाऱ्यांच्या बोलीप्रमाणें समाजहि त्याला मशीदच म्हणे.

यानंतरच्या शतकांत समाजाला आपल्या धर्माचें विसरलेलें ज्ञान पुन्हां मिळालें. कोचीनचे यहुदी शिक्षक आले, मिशनरी शाळांतून हिब्रू शिकवूं लागले, जुन्या कराराचे ग्रंथ मराठींत उतरले. वल्हांडण सणाची पोथी मूळ हिब्रू व मराठी भाषांतर यांसह १८७४ सालीं पुण्यास छापली गेली. हाईम सामुएल केहीमकर यांच्या उद्योगानें १८७५ सालीं मुंबईंत समाजाची शाळा निघाली. १८८० च्या सुमारास अब्राहाम, योसेफ इत्यादि पुराणपुरुषांचीं चरित्रें मराठी कीर्तनांतून गाइलीं जाऊं लागलीं. शिकलेले तरुण रेल्वे, पोस्ट, जकात अशा खात्यांत नोकरीस लागले. कोणी डॉक्टर झाले, कोणी वकील. १९३७ सालीं डॉ. एलिजा मोझेस हे मुंबईचे महापौर झाले. ज्या समाजाचा मनुष्य नगराचा प्रथम नागरिक होतो, त्या समाजाला त्या नगरांत परकें कसें म्हणावें?

आणि तरीहि याच धर्मज्ञानानें समाजाच्या मनांत दुसऱ्या एका देशाचें चित्र उमटविलें. घाणा चालविणाऱ्या आजोबाला शनिवार पाळावा एवढें ठाऊक होतें. पोथी वाचणाऱ्या नातवाला यरुशलेम ठाऊक झालें. वल्हांडणाच्या भोजनाच्या शेवटीं पुढील वर्षीं त्या नगरींत असण्याची आशा व्यक्त करावयाची असते. ती आशा आतां त्याला अर्थासह समजूं लागली. प्रारंभीं हें यरुशलेम स्वर्गासारखें दूर होतें. १८९७ सालीं स्वित्झर्लंडांतील बाझेल येथें यहुद्यांची पहिली झायोनिस्ट परिषद भरली. तिचें निमंत्रण या समाजासहि आलें होतें. समाजानें तें नम्रपणें नाकारलें. सियोनाकडे परत नेणें हें परमेश्वराच्या हातचें कार्य आहे; त्याचा हात पुढें होईल तेव्हां आम्ही निघूं, असा त्या नकाराचा आशय होता.

अर्धें शतक लोटलें आणि अनेकांस तो हात पुढें झालासा वाटला. १४ मे १९४८ रोजीं इस्रायल राष्ट्राची स्थापना झाली. जुलै १९५० मध्यें तेथील लोकसभेनें असा कायदा केला कीं, जगांतील कोणत्याहि यहुद्यास त्या देशांत येऊन राहण्याचा अधिकार आहे. भारतानें सप्टेंबर १९५० मध्यें या राष्ट्रास मान्यता दिली. त्या काळीं बेने इस्रायलांची संख्या सुमारें वीस हजार होती. त्यांच्यापैकीं जे निघाले त्यांच्या मनांत धर्मश्रद्धा होतीच, पण केवळ तीच होती असें म्हणणें इतिहासास धरून होणार नाहीं. १९४७ सालच्या फाळणींतील रक्तपात नुकताच घडला होता आणि लहानशा समाजाच्या मनांत त्यानें धास्ती उत्पन्न केली होती. इंग्रज सरकारच्या नोकरीवर ज्यांच्या दोन-तीन पिढ्या पोसल्या, त्यांना नव्या राज्यांत आपल्या मुलांस तीच दारें उघडीं राहतील कीं नाहीं, याची शंका वाटत होती. पुढें एक भाऊ गेला म्हणून दुसरा गेला, मुलगी गेली म्हणून आईबाप गेले. परंतु भारतानें त्यांस हांकलून दिलें असें कोणीहि म्हटलें नाहीं. या भूमींत यहुदी म्हणून आपला छळ कधीं झाला नाहीं, असेंच हे लोक जातांना सांगत आणि गेल्यावरहि सांगत राहिले.

तिकडे पोहोंचल्यावर जें दिसलें तें पोथींतलें यरुशलेम नव्हतें. नवें राष्ट्र युद्धांतून नुकतेंच बाहेर पडलेलें, यूरोप, इराक, येमेन, मोरोक्को अशा देशांतून लाखों माणसें एकदम येऊन थडकलेलीं, अन्नधान्याचें नियंत्रण, राहावयास तंबू नाहींतर पत्र्याच्या खोल्या. मुंबईच्या कचेरींत लेखणी चालविलेल्या मनुष्याच्या हातीं बीरशेबाच्या वाळवंटांत कुदळ आली. एवढेंहि त्यांनीं सोसलें असतें. परंतु वर्णावरून आपणांस हिणवितात, काळ्यांना काळा पाव बरा असें म्हणतात, अशीहि तक्रार त्यांच्यांतून निघूं लागली. भारतांत इंग्रजांच्या राज्यांत जें ऐकावें लागे, तें स्वधर्मीयांच्या तोंडून ऐकणें त्यांस असह्य झालें. १९५१ च्या अखेरीस त्यांतील कांहीं कुटुंबांनीं आम्हांस परत भारतांत पोहोंचवा अशी मागणी करून तेल अवीव येथें धरणें धरलें आणि उपोषण आरंभिलें. हीं साधनें त्यांनीं कोठें पाहिलीं होतीं, हें सांगावयास नको. अखेर १९५२ सालीं शंभरावर माणसांस विमानानें मुंबईस आणून सोडण्यांत आलें.

एवढ्यावर ही हकीकत संपली असती तर तिचें तात्पर्य सोपें होतें: दुरून डोंगर साजरे. परंतु पुढें घडलें तें असें कीं, परत आलेल्यांपैकीं बहुतेकांनीं थोड्याच काळांत पुन्हां इस्रायलला जाण्याची खटपट केली आणि ते गेले. ज्या देशाविरुद्ध त्यांनीं उपोषण केलें, त्याच देशाचें दार त्यांनीं पुन्हां ठोठावलें. यांत चंचलपणा पाहणें सोपें आहे. पण नीट विचार करितां असें दिसतें कीं, त्यांचें भांडण त्या देशाशीं नव्हतेंच. तेथें मिळालेल्या वागणुकीशीं होतें. परक्याच्या घरीं अपमान झाला तर मनुष्य उठून जातो. स्वतःच्या घरीं अपमान झाला तर तो रागानें बाहेर पडतो खरा, पण फिरून आंत येतो आणि आपला वांटा मागतो.

हा वांटा मागण्याचा खरा प्रसंग दहा वर्षांनीं आला. इस्रायलमध्यें विवाह लावण्याचा अधिकार धर्मगुरूंकडे आहे. बेने इस्रायलांनीं अनेक शतकें धर्मशास्त्राच्या पंडितांपासून दूर काढलीं. तेव्हां त्यांचे जुने विवाह व घटस्फोट शास्त्रोक्त झाले होते काय, अशी शंका कांहीं धर्मगुरूंनीं काढली. १९६१ सालीं प्रधान धर्मपीठानें या समाजाशीं विवाहसंबंध करण्यास हरकत नाहीं असा निर्णय दिला. परंतु १९६२ सालच्या आज्ञेनें अशी अट घातली कीं, बेने इस्रायल वधूवरांच्या मातेच्या, मातामहीच्या आणि त्याहून मागच्या पिढ्यांची शक्य तेथवर चौकशी करावी. कोंकणांतल्या खेड्यांत पणजीच्या लग्नाचा कागद कोठून आणावा?

या ठिकाणीं एक गोष्ट लपवूं नये. ज्या दुःखानें हा समाज आतां कळवळला, तें दुःख त्यानें स्वतःहि दुसऱ्यांस दिलेलें होतें. कोंकणांत असतांना त्यांच्यांत 'गोरे' इस्रायल आणि 'काळे' इस्रायल असे दोन भेद होते. ज्यांची माता समाजाबाहेरची, त्यांच्या संततीस काळे म्हणत आणि गोरे त्यांच्याशीं सोयरीक करीत नसत. मुंबईंतील बगदादी यहुदी तर गोऱ्यांच्याहि कुलशुद्धीविषयीं शंका घेत. जातिभेदाचा वारा या भूमींत राहणाऱ्या प्रत्येक समाजास लागला. त्यांतून बेने इस्रायलहि सुटले नाहींत. आतां तोच प्रश्न त्यांना विचारला जात होता.

परंतु या वेळीं कोणी परत जाण्याची भाषा काढली नाहीं. १९६४ च्या उन्हाळ्यांत गांवोगांवचीं कुटुंबें यरुशलेमेस जमलीं आणि त्यांनीं धरणें धरलें. मागणी एकच होती: आम्हांस इतरांसारखे यहुदी म्हणा, वेगळा नियम नको. त्या देशांतील पुष्कळ सुशिक्षित लोकांनीं त्यांची बाजू उचलली. ऑगस्टमध्यें लोकसभेची खास बैठक भरली. मुख्य प्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारनें बेने इस्रायल हे सर्व दृष्टींनीं यहुदीच आहेत असें जाहीर केलें. त्याच महिन्याच्या अखेरीस धर्मपीठानें आपल्या आज्ञेंतून या समाजाचें नांव काढून टाकलें आणि ज्या कोणाविषयीं शंका उत्पन्न होईल त्या सर्वांस लागू असा सामान्य शब्द घातला. विजय पूर्ण नव्हता, पण तो विजय होता. गलबत फुटून कोंकणच्या किनाऱ्यास लागलेल्या पूर्वजांस त्या किनाऱ्यानें कागद विचारले नव्हते. वंशजांना मात्र दुसऱ्या किनाऱ्यावर आपलें स्थान भांडून मिळवावें लागलें.

यानंतर देशांतराचा ओघ थांबला नाहीं. दोन-तीन दशकांत समाजाचा मोठा भाग निघून गेला. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद, रामला या नगरांतून त्यांच्या वस्त्या झाल्या. इकडे २०११ सालच्या खानेसुमारींत साऱ्या भारतांतील यहुद्यांची संख्या पांच हजारांच्या आंत भरली. महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं त्यांस अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला, तेव्हां देण्यास समाज थोडाच उरला होता. अलिबागेस इस्रायल आळी आहे. पेण, पनवेल, रेवदंडा येथें प्रार्थनामंदिरें आहेत. पण प्रार्थनेस लागणारे दहा पुरुष जमणें कित्येक ठिकाणीं कठीण झालें आहे.

जे गेले त्यांनीं आपली भाषा टाकली काय? इस्रायलमध्यें 'मायबोली' या नांवाचें मराठी नियतकालिक गेल्या शतकाच्या नवव्या दशकापासून निघूं लागलें. तेथें महाराष्ट्रदिन साजरा होतो. मंगलकार्याच्या किंवा नवस फेडण्याच्या वेळीं 'मलिदा' होतो. भिजविलेले पोहे, ओलें खोबरें, गूळ आणि फळें ताटांत मांडून प्रेषित एलियाहू याचें स्मरण करावयाचें, असा हा विधि आहे. हा प्रेषित स्वर्गाच्या वाटेवर कोंकणांत उतरला होता आणि अलिबागजवळ खंडाळें गांवच्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, अशी या समाजाची श्रद्धा आहे. एलियाहू हा पवित्र भूमीचा पुरुष. परंतु त्याच्या स्मरणाचें ताट कोंकणच्या पोह्यांनीं आणि नारळानें भरावें लागतें.

देश सोडून जाणाऱ्यास कृतघ्न म्हणण्याची चाल फार जुनी आहे, आणि गेलेल्याला 'पस्तावून परत येईल' असें म्हणण्याचीहि आहे. बेने इस्रायलांचा इतिहास या दोन्हीं मतांस पुष्टि देत नाहीं. त्यांनीं ही भूमि द्वेषानें सोडली नाहीं, आणि ती भूमि दुःख मिळालें म्हणून टाकली नाहीं. जेथें जन्मले तेथील उपकार त्यांनीं मानले. जेथें गेले तेथें बरोबरीचा हक्क मागितला. कायमचें राहावयास परदेशीं जाणाऱ्या प्रत्येक मनुष्यास हीं दोन कर्तव्यें करावीं लागतात, आणि त्यांतलें दुसरें अधिक कठीण असतें. नवगांवच्या दफनभूमीस भेट देण्यास आज दिमोना किंवा अश्दोद येथून जीं कुटुंबें येतात, त्यांच्यांतील नातवंडांस कदाचित् मराठी नीट बोलतां येत नसेल. पण त्यांचें आडनांव विचारलें तर तें बहुधा तेथून चार-सहा कोसांवरच्या एखाद्या गांवाचें निघतें.