मॉडेम नसलेले मॉडेम

लॅपटॉपच्या खोक्यावर '५६ के मॉडेम' असे छापलेले, फोनची वायर लावायला खाचही आहे, आणि लिनक्सला मात्र मॉडेम सापडत नाही! २००० सालच्या आसपास लॅपटॉपवर लिनक्स चढवणाऱ्या पुष्कळांनी हे भोगले.

जुन्या मॉडेमला स्वतःचा मेंदू होता. संगणकाने सिरियल पोर्टवरून 'एटीडीटी' आणि पुढे फोन नंबर पाठवायचा. अंकांचे आवाज नि आवाजांचे अंक करणे मॉडेम पाहून घेई. म्हणून ते डॉसवर चाले, युनिक्सवरही चाले. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात कंपन्यांनी हा मेंदूच काढला आणि त्याचे काम विंडोजच्या ड्रायव्हरवर सोपवले. माल स्वस्त झाला. यू. एस. रोबोटिक्सचे 'विनमोडेम' हे व्यापारी नाव मग साऱ्या जातीलाच चिकटले.

डेस्कटॉपवाला बाहेरचे मॉडेम जोडून मोकळा होई. पण तो डबा पिशवीत घेऊन हिंडायचे, तर लॅपटॉप कशाला? बरे, ड्रायव्हर मिळायचा इंटरनेटवर आणि इंटरनेट मिळायचे ड्रायव्हर बसल्यावर! सायबर कॅफेतून फ्लॉपीवर फाईल आणण्याच्या खेपा मीही घातल्या आहेत.

लुसेंटने आपल्या चिपसाठी लिनक्स ड्रायव्हर दिला, पण त्याचा गाभा बंद. कर्नल बदलला की नवी खटपट. आयबीएमने थिंकपॅड ६०० मधल्या 'एमवेव्ह'च्या कर्नल ड्रायव्हरचा सोर्स खुला केला, हे तिचे मोठेपण. फाब्रीस बेलारने (एफएफएमपेग आणि क्यूएमू त्याचेच) मुक्त सॉफ्टवेअर मॉडेम लिहायला घेतले, ते अपुरेच राहिले. वेगवान मॉडेमच्या तंत्रावर पेटंटेही होती.

कोनेक्झंट चिपांसाठी लिनक्सअँट कंपनीचा ड्रायव्हर होता: फुकटात १४.४ केबीपीएस, पैसे भरले की ५६. बंद मोड्यूल चढले की कर्नल स्वतःला 'टेंटेड' म्हणजे बाटलेला ठरवतो. मग बिघाडाची तक्रार केली तरी कर्नल लिहिणारे सहसा लक्ष घालत नाहीत. एप्रिल २००४ मध्ये उघड झाले, की या ड्रायव्हरने परवान्याच्या ओळीत 'जीपीएल' लिहून लगेच शून्य अक्षर घातले होते. सी भाषेत मजकूर शून्य अक्षरापाशी संपतो. जीपीएल फक्त एका डिरेक्टरीतल्या फायलींपुरते, हे त्यापुढचे वाक्य कर्नलला दिसतच नव्हते.

इशाऱ्यांच्या माऱ्याने गिऱ्हाईक गोंधळतात म्हणून तसे केले, असा कंपनीचा खुलासा होता. मला तो अर्धाच पटतो. इशारे त्रासदायक होते, कबूल. पण आपल्या यंत्रात बंद माल चढला आहे हे सांगणारे गिऱ्हाइकापाशी दुसरे काय होते?