ब्लेंडेड लर्निंग : विद्यार्थी खूश आहेत, पण शिकले का?

एकाच विषयाचा काही भाग ऑनलाइन आणि काही भाग वर्गात किंवा प्रयोगशाळेत शिकवणं म्हणजे ब्लेंडेड लर्निंग. ग्रुपवर व्हिडिओची लिंक टाकली की काम झालं, असं नाही. व्हिडिओत जे पाहिलं त्याचा वर्गात उपयोग व्हायला हवा.

भारतात तंत्रशिक्षणात याची तयारी कोरोनाच्या बरीच आधी झाली होती. आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी यांनी २००३ मध्ये 'एनपीटेल' सुरू केलं, २०१७ मध्ये केंद्र सरकारचं 'स्वयम' आलं. मे २०२१ मध्ये यूजीसीच्या मसुद्यात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवण्याची कल्पना मांडली गेली.

इंजिनिअरिंगमधलं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीचं. तिथे २०१२ मध्ये सर्किटच्या विषयासाठी एमआयटीचे ऑनलाइन व्हिडिओ वापरले गेले. विद्यार्थी व्हिडिओ घरी पाहून येत आणि वर्गात गटागटाने गणितं सोडवत. एरवी साधारण ६० टक्के विद्यार्थी पास व्हायचे, या वर्गातले सुमारे ९० टक्के झाले. पुढच्याच वर्षी त्याच युनिव्हर्सिटीने काही विषय पूर्ण ऑनलाइन करून पाहिले. निकाल इतका घसरला की तो प्रयोग थांबवावा लागला. दोन्हीकडे व्हिडिओ होतेच. फरक वर्गातल्या तासाचा होता.

विद्यार्थ्यांची नाराजीही बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. व्हिडिओ घरी पाहायचा आणि तोच भाग पुन्हा वर्गात ऐकायचा, म्हणजे दुप्पट काम. त्यात डेटा पॅक आणि हॉस्टेलचं वायफाय. उलट, न समजलेला भाग तीनदा मागे नेऊन पाहता येतो, ही सोय मुलांना मनापासून आवडते. प्रॅक्टिकलचं मात्र वेगळं आहे. 'व्हर्च्युअल लॅब्स'वर प्रयोगाची तयारी छान होते, पण सोल्डरिंग करताना हात स्थिर ठेवणं माऊसने शिकता येत नाही.

आता समाधान मोजण्याबद्दल. नॅकच्या २०१७ च्या सुधारित मूल्यांकन पद्धतीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आलं, त्यामुळे फीडबॅक फॉर्मला वजन आलं. पण हा फॉर्म फसवू शकतो. हार्वर्डमध्ये फिजिक्सच्या विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना उत्तम लेक्चर मिळालं, तर काहींनी तोच भाग स्वतः गणितं सोडवत शिकला. चाचणीत दुसरा गट पुढे होता. आणि 'आपण जास्त शिकलो' असं वाटत होतं पहिल्या गटाला! डोक्याला ताण पडला की शिकणं कमी झाल्यासारखं वाटतं, हे त्याचं एक कारण.

म्हणून 'कोर्स आवडला का?' एवढंच विचारून भागत नाही. व्हिडिओ बघायला किती वेळ लागला, शंका विचारायला कोणी भेटलं का, वर्गात त्याच व्हिडिओवरचं काही सोडवलं का, हेही विचारावं लागतं. आणि उत्तरं परीक्षेच्या निकालाशेजारी ठेवून वाचावी लागतात.