हेराचा अर्ज

अमेरिकेतील विल्यम्सबर्ग हे नगर १६९९ ते १७८० या काळात व्हर्जिनियाची राजधानी होते. विसाव्या शतकात रॉकफेलर यांच्या देणगीतून त्याचे जुने रूप पुन्हा उभे करण्यात आले. आज तेथे अठराव्या शतकाचा वेष धारण केलेले कथक वावरतात आणि त्या काळातील व्यक्ती होऊन प्रेक्षकांशी बोलतात. आपला कीर्तनकार आख्यान रंगात आले की क्षणभर पात्रच होऊन जातो, तसाच काहीसा हा प्रकार. मात्र येथे श्रोते उलट प्रश्न विचारतात, आणि कथकाला कागदपत्रांचा आधार न सोडता उत्तर द्यावे लागते.

तेथील कथांमध्ये जेम्स नावाच्या गुलामाची कथा विशेष आहे. विल्यम आर्मिस्टेड या मालकाच्या संमतीने तो १७८१ साली, स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत, अमेरिकनांच्या बाजूने लढणाऱ्या लाफायेत या फ्रेंच सेनानीच्या सेवेत दाखल झाला. पळून आलेला गुलाम असल्याची बतावणी करून तो इंग्रजांच्या छावणीत शिरला. बंडखोर मालकांच्या गुलामांना पळून येण्यास इंग्रजांनीच उत्तेजन दिलेले असल्यामुळे त्याचा संशय येण्याचे कारण नव्हते. पुढे इंग्रजांनी त्यालाच अमेरिकनांच्या गोटात हेर म्हणून नेमले. तो मात्र खऱ्या बातम्या लाफायेतलाच पोहोचवीत राहिला. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउन येथे लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या सैन्याने शस्त्रे खाली ठेवली.

कथा येथेच संपविण्याचा मोह कोणालाही व्हावा. परंतु विजयानंतर जेम्स पुन्हा मालकाच्या घरी गेला, तो गुलाम म्हणूनच. मालकाऐवजी सैनिक म्हणून लढलेल्या गुलामांना मुक्त करणारा कायदा व्हर्जिनियाने केला होता. हेरगिरी त्यात बसत नव्हती. १७८४ साली लाफायेतने त्याच्या कामगिरीचे प्रशस्तिपत्र स्वहस्ते लिहून दिले. विधिमंडळाकडे केलेल्या अर्जाला यश येऊन तो मुक्त झाला, तेव्हा १७८७ उजाडले होते. त्याने आपल्या नावापुढे लाफायेत हे आडनाव लावले.

त्याचा अर्ज विचाराधीन होता त्याच सुमारास, १७८६ मध्ये, यॉर्कटाउनचा पराभूत कॉर्नवॉलिस गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यास उतरला. १७९२ साली श्रीरंगपट्टणपुढे हरिपंत फडके यांच्या मराठी फौजा ज्याच्या जोडीने उभ्या होत्या, तो हाच. १८०५ मध्ये गाझीपूर येथे त्याचा अंत झाला. त्याची भव्य समाधी तेथे आजही आहे. पराभव सेनापतीला फारसा बाधला नाही, आणि विजय हेराला लवकर फळला नाही.

कथकाची खरी कसोटी मौनाच्या जागी लागते. छावणीतील रात्री जेम्सने कशा काढल्या, याविषयी कागद गप्प आहेत. शरणागतीनंतर लाफायेतच्या तळावर आपलाच चाकर पाहून कॉर्नवॉलिस थक्क झाला, अशी कथा सांगितली जाते. ती मोहक आहे. पण ‘असे सांगतात’ एवढे म्हणूनच ती सांगावी. बहिर्जी नाईकांच्या बाबतीत आपणही हे पथ्य नेहमी पाळतो असे नाही.

दुसरा प्रश्न वेदनेचा. १९९४ साली विल्यम्सबर्ग येथे गुलामांच्या लिलावाचा प्रसंग सादर झाला, तेव्हा तीव्र निषेध झाला. माणसांच्या विक्रीचे नाट्य करावे काय, हा आक्षेप गैर नव्हता. तरीही प्रसंग प्रत्यक्ष पाहिल्यावर विरोधकांपैकी काहींचे मत पालटले. हेरकथेतील थरार ठेवायचा आणि गुलामी वगळायची, तर जेम्सच्या बाबतीत कथाच उरत नाही.

१८१९ मध्ये त्याला वार्षिक चाळीस डॉलरचे निवृत्तिवेतन मंजूर झाले. १८२४ साली वृद्ध लाफायेत अमेरिकेच्या भेटीस आला, त्या सुमाराचे जेम्सचे एक तैलचित्र रिचमंड येथे आहे. ज्याला कायद्याने सैनिक मानले नव्हते, त्याने त्यात निळा लष्करी कोट घातला आहे.